दुसरा दुधी

पाथर्डी
२४ जून २०२४

कृपाला अक्काचा सलाम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू तोंड फिरवलं असशील. फिरव. पण फाडायला तरी पत्र हातात घ्यावं लागतं, फोनचं तसं नाही. आराधनाच्या मोबाईलवर माझं नाव दिसलं की तू न्हाणीत जाऊन बसतेस म्हणे. पोरगी तरी किती वेळा खोटं बोलेल, "मावशी, आई आंघोळीला गेलीये"? दिवसातून चार-चार आंघोळी करायला लेकीच्या कोपरगावात गोदावरी तुझ्या दाराशी आली का?

इसहाकराव जाऊन दीड वर्ष उलटून गेलं. तेवढेच दिवस तू माझ्याशी बोललेली नाहीस. कारण मला ठाऊक आहे. त्यांच्या शवपेटीजवळ, सगळ्या मंडळींच्या देखत, मी म्हणाले, "चाखून तरी बघायचंस की गं बाई." एवढंच म्हणाले. दुःखात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. मी तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या, माझ्या जिभेला हाड नाही हे तुला काय आज कळलं?

भांडायला लिहीत नाही. काल आराधना फोनवर रडली. म्हणाली, घरात कुठलीही भाजी झाली की आई आधी स्वतः एक घास खाते, आणि मग अर्धा तास घड्याळाकडं बघत बसते. तोवर कुणाला पानावर बसू देत नाही. नातवंडं भुकेनं कळवळतात, जावई डबा न घेताच कारखान्यावर जातो. सगळ्यांचं झालं की तू मिठाशी अर्धी भाकरी खाऊन उठतेस. वजन अडतीस किलो. डॉक्टर म्हणतो रोग कुठलाच नाही. कृपा, माझ्यावर रुसलीस ते ठीक, पोटावर कशाला राग?

रस तू काढलास हे खरं. ग्लास तू हातात दिलास. "लई कडू लागतोय गं" असं ते म्हणाले, तेव्हा "औषध कडूच असतं, प्या मुकाट्यानं" असंही तू म्हणालीस, कारण तूच ते दवाखान्यात सगळ्यांना सांगत होतीस. पण कडू दुधीचा रस माणसाचं आतडं फाडतो, तिसऱ्या दिवशी माणूस हातचा जातो, हे आपल्यापैकी कुणाला माहीत होतं? दुधी माझ्या वेलाचा, पण चर्चमध्ये देवाला वाहायच्या प्रथमफळाच्या टोपलीतला. आईनं दोघींना शिकवलं होतं, देवाच्या टोपलीतलं उष्टं करायचं नाही. पहिलं फळ कुणी चाखत नाही. मग कळणार तरी कुणाला होतं? कुणालाच कळण्यासारखं नव्हतं.

वांग्याची रोपं तरारली आहेत. मिरचीला फुलं आलीत. तू जेवत जा.

अक्का


पाथर्डी
२० जुलै

कृपा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की मी फाटकाशी जाते, म्हातारी झाले पण आशा सुटत नाही.

आज सकाळी कढईत तेल तापत ठेवलं आणि मग घेवडा तोडायला मागं गेले. तेल तापायच्या आत शेंगा मोडून कढईत. हे सुख मला बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात तीस वर्षांत मिळालं नाही. तिथं पोत्यानं भाजी यायची, निम्मी सडकी, आणि मी मेट्रन म्हणून पोरींवर खेकसायची, "टाकू नका, कापून घ्या." इथं माझं मी पेरते, माझं मी खाते. घेवड्यावर मावा पडला होता, पहाटेच्या दवात चुलीची राख उधळली, चार दिवसांत गेला. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. भांडी अजून राखेनंच घासते, म्हणजे ते पाणी अळवाला चालतं. एक थेंब वाया जाऊ देत नाही. गेल्या आठवड्यात माकडं आली आणि वांग्याची बारा झाडं आडवी करून गेली. मी काठी घेऊन उभी, ती कौलावर बसून माझीच वांगी माझ्याकडं बघत खातायत! इतका संताप आला आणि मग एकटीच हसत बसले.

हसले आणि इसहाकराव आठवले. ते असते तर माकडांची बाजू घेतली असती.

तुला आठवतं का, मी रिटायर झाले तेव्हा घरामागं नुसता मुरूम होता. कुदळ मारली की ठिणगी उडायची. एसटीच्या ड्रायव्हरकीतून नुकतेच सुटलेले तुझे इसहाकराव कुणाचा तरी टेम्पो मागून आले, तलावातला गाळ भरून. तीन खेपा केल्या. घामानं निथळत म्हणाले, "अक्का, शंभर पोरी पोसल्यात, आता चार झाडं पोसा." त्या मातीवर माझं सगळं उभं आहे.

आणि कापणीच्या सणाला, उपासना झाली की लिलावात माझी टोपली दर वर्षी त्यांनीच सोडवायची. दुसऱ्या कुणी बोली लावली की ओरडायचे, "ए, ती माझ्या मेव्हणीची टोपली हाय, हात लावशील तर एसटी घालीन अंगावर!" अख्खं चर्च हसायचं. पाळकसाहेबसुद्धा. मी खाली मान घालून बसायची, पण कृपा, मनातून किती फुगायची ते मलाच ठाऊक.

यंदाही दुधी लावला नाही. मांडव रिकामाच आहे.

शेजारची बनुबाई आराधनाच्या सासरच्या कुणाला तरी बाजारात भेटली होती म्हणे. तिचं फार ऐकू नका. म्हातारी आहे, काहीही बरळते.

अक्का


पाथर्डी
१८ ऑगस्ट

कृपा,

कोपरगावला भाडं घेऊन जाणाऱ्या हनुमंताच्या जीपमधून मी पिशवी पाठवली. घेवडा, वांगी, मुळ्याचा पाला, आणि वर कोथिंबिरीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून. पहाटे उठून, चिखलात बसून निवडून पाठवली. आणि तू ती जशीच्या तशी परत धाडलीस! गाठसुद्धा सोडली नाहीस. हनुमंत बिचारा ओशाळून दारात उभा, "मावशी, त्यांनी घेतली न्हाई." घेवडा सुकून चामडं झालेला. मी ती पिशवी उकिरड्यावर रिकामी केली आणि तुला इतकं बोलले, इतकं बोलले की बनुबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली.

मग आराधनाला फोन करून विचारलं, आई नक्की काय म्हणाली? ती सांगायला तयार नव्हती. मी दटावलं तेव्हा बोलली. तू म्हणालीस, "अक्काच्या हातचं मला नको, आणि माझ्या हातचं कुणाला नको."

पहिलं मला झोंबलं. दुसरं ऐकून मी फोन ठेवला आणि खाली बसले.

कृपा, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तुझ्या हातचं खाऊन माणसं वाढली. मला तुला एक सांगायचं आहे. तीन वेळा लिहायला घेतलं आणि तीन वेळा कागद चुलीत घातला. हा कागदही इथंच थांबवते.

अक्का


पाथर्डी
२९ सप्टेंबर

कृपा,

बनुबाई बरळत नाही. मी तुला खोटं लिहिलं.

आमच्या दोघींच्या सामाईक कुंपणावर तिचा कडू भोपळ्याचा वेल असायचा. तिच्या नातवाला विहिरीत पोहायला शिकवायचं म्हणून, वाळलेला भोपळा पाठीला बांधायला. त्याला लागूनच माझा दुधीचा मांडव. मी बी विकत आणत नाही हे तुला माहीत आहे, घरचंच धरते, त्याचाच तर मला तोरा. बनुबाई त्या सणाच्या आदल्या साली कुंपणावरून म्हणाली होती, "बाई, औंदाच्या दुधीचं बी धरू नगा. माझ्या कडूचा वेल शेजारी हाय. माश्या हिकडून तिकडं करत्यात. पुढल्या साली तुमचा दुधी कडू निघंल." मी म्हणाले, "बनुबाई, तुम्ही मला शेती शिकवू नका." अस्सं म्हणाले, मान वर करून. मी बी धरलं, आणि पुढच्या साली लावलं.

पहिला दुधी हातभर वाढला. तुकतुकीत, एक डाग नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी मागं नेऊन दाखवायची. सणाच्या आदल्या शुक्रवारी तो तोडून टोपलीत ठेवला, वर पांढरं फडकं घातलं.

आता ऐक. शनिवारी मी त्याच वेलाचा दुसरा दुधी तोडला, स्वतःच्या भाजीला. चिरताना फोड तोंडात टाकली. कडूजहर! जिभेला चटका बसावा तसं झालं. तीनदा चूळ भरली तरी घशातून जाईना. बनुबाईचे शब्द कानात वाजले. तो दुधी मी खड्ड्यात पुरला, आणि फडक्याखालच्या पहिल्याकडं बघत उभी राहिले.

एक काप काढून बघितला असता तर कळलं असतं. पण देवाच्या टोपलीतलं उष्टं कसं करायचं? असं मी स्वतःला सांगितलं. एखादंच फळ कडू निघतं, काकडीचं नाही का निघत, असंही सांगितलं. आणि कडू निघालाच तर जो घेईल तो भाजी थुंकून टाकेल, त्यात काय. रविवारी तो टोपलीत घालून मी चर्चला नेला.

म्हणजे कळण्यासारखं होतं, कृपा. मला कळलं होतं. चाखायचं माझ्यावर होतं, आणि मी चाखलंही होतं. आणि पेटीजवळ उभं राहून मी ते तुझ्या पदरात घातलं, कारण लोक विचारायला लागले होते, "दुधी कुणाचा?" त्यांनी तुझ्याकडं बघावं म्हणून मी ते वाक्य बोलले.

आता तू घड्याळाकडं बघू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही.

एस्तेर


पाथर्डी
१७ नोव्हेंबर, कापणीचा सण

कृपा,

दीड महिना वाट पाहिली. तू चिडशील, शिव्याशाप देशील, आराधनाला सांगशील की त्या बाईचं नाव घेऊ नकोस, असं वाटलं होतं. परवा आराधना म्हणाली, आईनं पत्र वाचलं, घडी घालून उशाखाली ठेवलं, आणि म्हणाली, "अक्का माझ्यासाठी खोटं बोलतेय. मला बरं वाटावं म्हणून आळ स्वतःवर घेतेय. ती लहानपणापासून अशीच." आणि पुन्हा भाजीचा घास घेऊन घड्याळासमोर बसली.

मला रडू कोसळलं गं. लहानपणी तू फोडलेली बरणी मी माझ्यावर घेतली होती, ती तू अजून धरून बसलीस. मी इतकी चांगली नाही. मी ते पत्रसुद्धा अर्धंच लिहिलं होतं, आणि ते तू खोटं मानलंस. म्हणून आज मी असं केलं की तुला खोटं म्हणता येऊ नये.

उपासना संपली, टोपल्या पुढं मांडल्या होत्या. माझीही होती. पाळकसाहेब लिलाव पुकारणार एवढ्यात मी उठले. म्हणाले, "साहेब, आधी मला बोलू द्या." त्यांना वाटलं देवाचे उपकार सांगून साक्ष द्यायची असेल. बायका सरसावून बसल्या. मी वेदीसमोर उभी राहिले आणि बनुबाईपासून सगळं सांगितलं. दुसरा दुधी सांगितला. आणि तुला जे लिहिलं नव्हतं तेही सांगितलं.

ते आता तुलाही सांगते.

त्या सणाला लिलाव झाला, इसहाकरावांनी टोपली सोडवली, फडकं काढलं आणि दुधी दोन्ही हातांनी वर धरला. शुगर निघाल्यापासून ते रोज सकाळी दुधीचा कच्चा रस घ्यायचे. मला ठाऊक होतं. मीच त्यांना आठवड्याला दुधी द्यायची, बाजारातून आणलेला, माझा वेल लागेपर्यंत. ते मोठ्यानं म्हणाले, "अक्का, उद्या सकाळी हाच पितो बघा, शुगर पळून जाईल पाथर्डी सोडून!" सगळे हसले, टाळ्या वाजल्या. माझं तोंड उघडलं होतं, कृपा. "नका पिऊ" एवढे दोनच शब्द. मी चौथ्या बाकावर होते, ते हाकेच्या अंतरावर. आणि मला वाटलं, आत्ता बोलले तर हे सगळे म्हणतील, एस्तेरबाईनं देवाला कडू फळ आणलं. एवढ्याचीच मला लाज वाटली. मी तोंड मिटलं आणि हसले. संध्याकाळी तरी तुझ्याकडं यायचं, तेही आले नाही. तेव्हा तू इथंच होतीस, चार गल्ल्या सोडून तुझं घर.

ते मरतील असं वाटलं नव्हतं. देवाशपथ वाटलं नव्हतं. पण कडू असेल हे मला वाटलं होतं, आणि ते कच्चा पितील हे मी कानांनी ऐकलं होतं.

बोलून झालं. मग म्हातारा सूर्यभान, इसहाकरावांच्या डेपोतला, काठी टेकत उठला. म्हणाला, "बाई, मग त्या पोरीला दोन वर्सं का जाळलं?" मी म्हणाले, "भ्याले." तो म्हणाला, "आमी समद्यांनी तिला नावं ठेवली." आणि बाहेर निघून गेला. त्याच्यामागं आणखी काही जण गेले. तुला लग्नात आहेराची साडी नेसवणारी रिबेकाकाकू माझ्या बाकावरून उठून दुसरीकडं बसली.

लिलाव झाला. माझ्या टोपलीवर कुणी बोली लावली नाही. पाळकसाहेब स्वतः लावणार होते, मी त्यांना हातानंच नको म्हटलं. टोपली डोक्यावर घेऊन चालत घरी आले.

सूर्यभानच्या मुलाचा नंबर आराधनाकडं आहे. विश्वास बसत नसेल तर फोन करून विचार. अख्खं चर्च साक्षीला आहे.

एस्तेर


पाथर्डी
२ डिसेंबर

कृपा,

आराधनाचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलत राहिली. म्हटलं, बोल, मी काही साखरेची नाही विरघळायला.

तू सूर्यभानच्या मुलाला फोन केलास. ऐकून घेतलंस, मोबाईल ठेवलास, आणि मग माझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलंस. आणि उठलीस ती भांडी आदळतच. आईला असल्या शिव्या येतात हे पोरीला आजवर माहीतच नव्हतं म्हणे. मला ढोंगी म्हणालीस, थेरडी म्हणालीस, "माझा नवरा खाल्ला आणि वर मलाच शहाणपण शिकवलं" म्हणालीस. माझी सगळी पत्रं चुलीत घातलीस. शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली, तर तिलाही हाकललंस.

मग जेवायची वेळ झाली. भरल्या वांग्यांचा टोप मधे, पोरं सवयीनं हात मांडीवर ठेवून तुझ्या तोंडाकडं बघत बसलेली, आई कधी चाखते म्हणून. आणि तू त्यांच्यावर खेकसलीस, "माझ्याकडं काय बघताय? गरम हाय तवर जेवा की!" घड्याळाकडं मान वळवली नाहीस. पोरांच्या ताटात तुझ्या हातानं वाढलंस. मग स्वतः पाट ओढून बसलीस, मला शिव्या देत देत भाकरी मोडलीस, आणि वांगं घेतलंस. मग आणखी एक घेतलंस.

आराधना म्हणाली, "मावशी, आई रागात आहे. तिचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस." मी म्हटलं, "ते जाऊ दे गं. पुन्हा सांग. दोनदा घेतलं?" ती म्हणाली, "दोनदा." मी तिला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. पोरीला वाटलं असेल म्हातारीचं डोकं फिरलं.

मी तुझी माफी मागणार नाही, कृपा. मागितली की तुला ती द्यावी लागेल. तुझा स्वभाव मी ओळखते, भांडण मिटवायची तुला लहानपणापासून घाई. या वेळी घाई करू नकोस. माझा फोन घेऊ नकोस, पिशवी आली तर परत धाड, हे पत्रही चुलीत घाल. मला नावं ठेवायला तुझ्याकडं जन्मभर पुरेल एवढं आहे, आणि ते सगळं खरं आहे.

माझ्यावर राग धर. घट्ट धर. आणि दोन्ही वेळेला पोटभर जेव.

एस्तेर